शाळेतली साथ: नाशिकच्या पालकांचे आणि शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

नाशिक शहरातल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या शाळांमध्ये मी मुलांच्या समुपदेशनाचं काम करते. पालकसभा संपल्यावर, शाळेच्या गेटवर किंवा रात्री उशिरा फोनवर तेच तेच प्रश्न येतात. ते उत्तरांसकट इथे लिहिले आहेत. सगळं वाचायची गरज नाही, आपल्याला लागू असलेला प्रश्न शोधा.

शाळेतला आधार म्हणजे नेमकं काय? फक्त समुपदेशन का?

समुपदेशन हा त्यातला एक भाग. मूल शाळेत टिकावं, शिकावं आणि मोकळं वाढावं म्हणून अभ्यासाशिवाय शाळेतून जे जे मिळतं, ते सगळं यात येतं. दुपारचा शालेय पोषण आहार, आरोग्य तपासणी, सोमवारची लोहाची गोळी, मागे पडलेल्या मुलासाठी वेगळा तास, दिव्यांग मुलासाठी फिरते विशेष शिक्षक, मीना राजू मंच (मुलींच्या शिक्षणाला आधार देणारा शाळेतला गट), तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती), शिष्यवृत्ती, मुलींसाठी एसटीचा मोफत पास. यातलं बरंचसं तुमच्या मुलाच्या शाळेत कागदोपत्री आधीपासून आहे. ते मुलापर्यंत पोचतं का, हा खरा प्रश्न.

एवढ्या योजना आहेत, तरी मुलं का सुटतात?

माझ्या मते मुलाला योजना दिसत नाही, माणूस दिसतो. "काही अडचण असेल तर सांगा" हे परिपाठाला माइकवरून सांगितलं की मूल ते ऐकतं आणि विसरतं. "काही झालं तर बुधवारी मधल्या सुट्टीनंतर ग्रंथालयाशेजारच्या खोलीत ताई बसतात" हे त्याच्या लक्षात राहतं. माणूस, वार आणि जागा या तिन्ही गोष्टी ठरलेल्या हव्यात.

यावर आपल्या देशात मोठं संशोधन झालं आहे. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांमध्ये एकच कार्यक्रम दोन पद्धतींनी राबवला गेला. काही शाळांत तो तिथल्याच शिक्षकांकडे दिला. काही शाळांत त्यासाठी वेगळी व्यक्ती नेमली. ही माणसं मानसशास्त्रातली पदवीधर तज्ज्ञ नव्हती, त्यांना या कामाचं प्रशिक्षण दिलेलं होतं. निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वेगळी व्यक्ती होती त्या शाळांतलं वातावरण सुधारलं, मुलांमधलं नैराश्य आणि दादागिरी कमी झाली. काम शिक्षकांवर सोपवलं होतं तिथे तसा फरक दिसला नाही.

हा शिक्षकांचा दोष आहे असं मी मानत नाही. ज्यांनी मार्क द्यायचे, हजेरी घ्यायची, पोर्टलवर माहिती भरायची आणि निवडणुकीच्या कामालाही जायचं, त्यांच्याकडे शांत बसून ऐकायला वेळ कुठून येणार? शिवाय जे आपली परीक्षा घेतात त्यांच्याजवळ मन मोकळं करणं कुठल्याही मुलाला जड जातं.

शाळेत समुपदेशक असणं बंधनकारक आहे का?

हो. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरातल्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. शाळा, महाविद्यालयं आणि कोचिंग क्लास असे सगळे त्यात येतात. जिथे १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी आहेत, तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असायला हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे.

गंगापूर रोड, कॉलेज रोड भागातल्या बहुतेक मोठ्या शाळांत समुपदेशक असतात. काही ठिकाणी मात्र नाव फक्त माहितीपुस्तकात दिसतं. त्यामुळे "आहेत का?" एवढ्यावर थांबू नका. "कोणत्या वारी असतात, कुठे बसतात, मुलाला स्वतःहून जाता येतं का?" हे विचारा.

आमची जिल्हा परिषदेची शाळा. दोन शिक्षक, चाळीस मुलं. आम्ही काय करायचं?

अशा शाळेत पूर्णवेळ समुपदेशक मिळणार नाही, हे धरूनच चाला. केंद्रप्रमुखांकडे (जवळपासच्या शाळांच्या गटाचे म्हणजे केंद्राचे प्रमुख) केंद्रासाठी एक माणूस ठरवून मागा, म्हणजे त्याला केंद्रातल्या शाळांना आळीपाळीने भेट देता येईल. गट साधन केंद्रात (तालुक्यातल्या शाळांना मदत करणारं शिक्षण विभागाचं केंद्र) विशेष शिक्षक असतात, त्यांच्या भेटीचं वेळापत्रक शाळेच्या फलकावर लावून घ्या. ज्या शिक्षकांना या कामाची ओढ आहे त्यांना 'बालरक्षक' म्हणून पुढे येता येतं. शाळाबाह्य मुलांना परत आणण्यासाठी राज्यात ही चळवळ उभी राहिली आणि तिच्यातून फार चांगली माणसं घडली.

लहान शाळेची एक ताकद आहे, ती कमी लेखू नका. चाळीस मुलांच्या शाळेत कोण दोन दिवस गप्प आहे हे पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींच्याही लक्षात येतं. त्यांना विचारत जा. खिचडी वाढताना कोण ताट पुढे करत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

मुलाला समुपदेशकाकडे पाठवलं म्हणजे त्याच्यात काही दोष आहे का?

नाही. माझ्याकडे येणारी बरीच मुलं साध्या गोष्टी घेऊन येतात. मैत्रीण बोलत नाही, घर बदललं, आजी गेली, गणिताचा तास आला की पोटात दुखतं. यातल्या बहुतेकांना दोनचार भेटींत बरं वाटतं. थोड्या मुलांना पुढे डॉक्टरांकडे पाठवावं लागतं आणि तेही वेळेत झालेलं बरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १० ते १९ वयोगटातल्या दर सात जणांपैकी एकाला मानसिक आजार असतो. साठच्या वर्गात ही आठनऊ मुलं होतात.

मूल तुमच्याशी जे बोलतं ते आम्हाला का सांगत नाही?

कारण ते तुम्हाला सांगितलं, तर मूल पुढच्या वेळी येणार नाही. पहिल्याच भेटीत मी मुलाला सांगते: इथलं बोलणं इथेच राहील, पण तीन बाबतींत मला मोठ्यांना सांगावंच लागेल. तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुझ्याशी वाईट वागत असेल, तर. हे सुरुवातीलाच कळलेलं असलं की पुढे मुलाला फसवल्यासारखं वाटत नाही.

पालकांना मी मुलाच्या परवानगीने एवढंच सांगते की घरी काय केलं तर मदत होईल. कधी "सकाळी दहा मिनिटं त्याच्यासोबत चहा घ्या" एवढंच असतं. तपशील कळला नाही म्हणून रागावू नका.

मुलगा हुशार आहे, पण वाचता-लिहिता येत नाही. सगळे आळशी म्हणतात.

या प्रश्नाला मी नेहमीच जास्त वेळ देते, कारण इथे मुलांवर सगळ्यात जास्त अन्याय होतो.

सातपूरजवळच्या एका शाळेतला चौथीतला मुलगा. तोंडी गणितं भराभर करायचा. वडिलांच्या गॅरेजमधल्या पान्यांचे नंबर पाठ. वही उघडली की 'भ'चा 'म', 'घ'चा 'ध', जोडाक्षर आलं की त्यातलं एक अक्षर गायब, ओळ मध्येच सुटलेली. वहीच्या प्रत्येक पानावर लाल शाईने "अक्षर सुधार" लिहिलेलं. तो इतका घट्ट पेन्सिल धरायचा की कागद फाटायचा. असं मूल आळशी कसं असेल?

वेलांटी-उकाराच्या चुका पहिली-दुसरीत सगळ्यांच्याच होतात, त्याने घाबरून जाऊ नका. पण तिसरी-चौथीनंतरही, नीट शिकवूनही, बोलण्यातली समज आणि लिहिण्यातली समज यांत मोठी दरी राहिली, तर अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणं) तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता मानल्या आहेत आणि त्यांत अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. ही तपासणी साधारण आठ वर्षं वयानंतर करतात. शाळेकडून पत्र घ्या, प्रगतिपुस्तकं आणि वह्या बरोबर ठेवा. प्रमाणपत्र कुठून मिळेल हे गट किंवा शहर साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना विचारा.

प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीला जादा वेळ (तासाला २० मिनिटं), लेखनिक अशा सवलती मिळतात. अर्ज शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो. हे काम दहावीच्या जानेवारीत सुरू करू नका, आठवी-नववीतच संपवा.

सवलतीइतकंच महत्त्वाचं म्हणजे शिकवण्याची पद्धत बदलणं. त्या मुलाला रोज वेगळा अर्धा तास, मोठ्या अक्षरांची वाक्यं, बोट ठेवून वाचन आणि वर्गात मोठ्याने वाचायला उभं न करणं, एवढं सुरू केलं. वाचन अजूनही सावकाश आहे, पण पोटदुखीचं कारण सांगून घरी राहणं थांबलं.

सुरगाणा-पेठकडची लहान मुलं पहिलीत गप्पच बसतात. ती मंद आहेत का?

अजिबात नाही. घरी कोकणा, वारली किंवा डांगी बोली आणि पुस्तकात प्रमाण मराठी, अशी ती कोंडी असते. शिक्षकांनी पहिले काही महिने मुलांच्या बोलीतले शब्द वापरले, गाणी तिच्यात घेतली, तर मुलं बोलू लागतात. गावातली एखादी शिकलेली मुलगी वर्गात बसून मदत करत असेल तर फारच उत्तम. बोलीवरून हसणं मात्र पहिल्या दिवसापासून बंद झालं पाहिजे, शिक्षकांचंही.

आश्रमशाळेतल्या मुलांसाठी वेगळं काय लागतं?

आदिवासी विकास आयुक्तालय आपल्या नाशिकमध्येच आहे आणि जिल्ह्यात नाशिक आणि कळवण अशी दोन प्रकल्प कार्यालयं आहेत. तेव्हा आश्रमशाळांविषयी दाद मागायला मुंबई गाठावी लागत नाही.

सहा-सात वर्षांचं मूल घर सोडून राहतं, तेव्हा त्याला सगळ्यात आधी रात्र कठीण जाते. दिवसा तास, जेवण, मैदान असतं. दिवे मालवल्यावर रडू येतं. म्हणून आश्रमशाळेत आधाराची व्यवस्था शाळेच्या वेळेपुरती ठेवून भागत नाही. अधीक्षक आणि स्त्री अधीक्षिका यांनाच प्रशिक्षण द्यायला हवं, कारण रात्री तीच माणसं जवळ असतात. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी घरी फोन, मोठ्या मुलांपैकी एक जण लहानग्याचा 'दादा', आणि आजारी मुलाला वेगळं झोपवताना सोबत कुणीतरी, एवढ्याने खूप फरक पडतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर जी मुलं परतत नाहीत, त्यांच्या घरी आठवड्याच्या आत जायला हवं. महिना उलटला की परत आणणं फार अवघड होतं.

आम्ही द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे जातो. मुलांच्या शाळेचं काय?

गोडी छाटणीपासून (द्राक्षवेलींची फळासाठीची छाटणी) विरळणी (घडातले जास्तीचे मणी काढणं) आणि पुढे काढणीपर्यंत बरीच कुटुंबं पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून खाली येतात. मुलं सोबत येतात आणि बागेत धाकट्या भावंडांना सांभाळतात.

निघण्याआधी गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवलं की कामाच्या गावातल्या शाळेने मुलाला वर्गात बसवून घ्यायचं असतं. दाखला नाही म्हणून नाही म्हणता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला गावीच आजी-आजोबांजवळ ठेवत असाल तर हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, हे मुख्याध्यापकांना दसऱ्याआधीच विचारा.

बागायतदारांना एक विनंती. मजुरांची मुलं जवळच्या शाळेत जातात का, एवढं पाहा. तुमच्या एका फोनने शिक्षक वस्तीवर येतात, हे मी पाहिलं आहे.

शाळेतलं जेवण, गोळ्या, तपासणी यांचा मनाशी काय संबंध?

उपाशी आणि अशक्त मुलाला लक्ष देता येत नाही. मग त्याला ओरडा बसतो आणि शाळा नकोशी होते. शिकवण्याआधी सोडवायची ही गोष्ट आहे.

पहिली ते आठवीच्या सरकारी आणि अनुदानित शाळांत शिजवलेलं जेवण मिळतं. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असा निकष आहे. आठवड्याला एक लोहाची गोळी असते, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. ती जेवणानंतरच घ्यायची, रिकाम्या पोटी मळमळतं. बऱ्याच मुली गोळी घेतल्यासारखं करून खिडकीतून टाकतात, कारण पहिल्यांदा कुणीतरी ती उपाशीपोटी दिलेली असते. जंतनाशक गोळी वर्षातून दोनदा, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा येतं. जन्मतः असलेले दोष, आजार, कमतरता आणि विकासातले अडथळे ते तपासतात. पुढचे उपचार, हृदयाची शस्त्रक्रियासुद्धा, मोफत असतात. पथक आलं त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर शाळेला कळवा आणि पुन्हा तपासून घ्या. फळा दिसत नाही म्हणून नापास होणारी मुलं मी पाहिली आहेत. चष्मा लागला आणि वर्षभराची बोलणी संपली.

मुली सातवी-आठवीनंतर शाळा का सोडतात? शाळा काय करू शकते?

कारणं घरात असतात, रस्त्यावर असतात आणि शाळेतही असतात. घरातल्यांशी बोलावं लागतं. रस्त्यासाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. मानव विकास कार्यक्रमात मुलींसाठी निळ्या बस धावतात. बसची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नसेल तर मुख्याध्यापकांनी आगारप्रमुखांना लेखी कळवावं, वेळ बदलून मिळू शकते.

शाळेतलं कारण कुणी बोलत नाही. एका शाळेत तक्रारपेटी उघडली तेव्हा वहीच्या कागदावर एकच ओळ होती: "बाथरूमला कडी लावा." खाली नाव नव्हतं. हजेरीपत्रक काढून पाहिलं तर आठवीच्या बऱ्याच मुली दर महिन्याला तीनचार दिवस सलग गैरहजर होत्या. कडी, बादलीभर पाणी, झाकणाचा डबा आणि बाईंच्या कपाटात पॅडचं पाकीट. खर्च किती? एका पालकसभेच्या चहापाण्याएवढा. पुढच्या महिन्यापासून हजेरी बदलली.

पाळी, शरीरातले बदल, पोषण यांविषयी मोकळेपणी विचारायचं असेल तर सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक असतात. मुलांनीही जावं, ते फक्त मुलींसाठी नाही.

शिक्षक मारतात किंवा सगळ्यांसमोर अपमान करतात. बोललो तर मुलाला त्रास होईल ना?

ही भीती खरी आहे. पण कायदा स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. आधी मुख्याध्यापकांशी बोला, मग लेखी द्या, पोच घ्या. चारपाच पालकांनी मिळून दिलं तर एकट्या मुलावर नजर राहत नाही. त्यानंतर गटशिक्षणाधिकारी, शहरात महापालिकेच्या शाळेसाठी शिक्षण विभाग.

मुलांमधली दादागिरी असेल तर "तूही दे एक ठेवून" हा सल्ला देऊ नका. कोण, कुठे, कधी हे मुलाकडून शांतपणे काढून घ्या. बहुतेक प्रकार ठरलेल्या जागी होतात: स्वच्छतागृह, जिना, रिक्षा किंवा व्हॅन. त्या जागी मोठं माणूस उभं राहिलं की निम्मं थांबतं.

लैंगिक छळाचा संशय आला तर?

थांबू नका. १८ वर्षांखालच्या मुलाबाबत असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेने "आतल्या आत मिटवू" म्हटलं तर तो गुन्हा ठरतो. संस्थेच्या प्रमुखाने कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते.

मुलाला पुन्हापुन्हा तेच विचारू नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही" एवढं म्हणा. पोलीस मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घेतात, गणवेश न घालता आणि शक्यतो महिला अधिकाऱ्यांकडून. हे माहीत नसल्यामुळे अनेक आया पोलीस ठाण्याच्या भीतीने गप्प बसतात.

दहावीचं टेन्शन आहे. झोप नाही, जेवण नाही.

झोप आधी. रात्री दोनपर्यंत जागून केलेलं पाठांतर सकाळी टिकत नाही. घरात "किती टक्के?" हा प्रश्न फेब्रुवारी-मार्चपुरता तरी बंद करा. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीतून अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. वर्ष फुकट जात नाही, हे मुलाला निकालाआधीच सांगून ठेवा. निकालाच्या दिवशी त्याला एकटं सोडू नका.

मूल म्हणालं, "मला जगायचंच नाही." धमकी देतंय का?

धमकी समजून सोडून देऊ नका. जवळ बसा आणि सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट मुलाला सुटल्यासारखं वाटतं. उपदेश करू नका, देवाच्या किंवा आईच्या शपथा घालू नका. त्याला एकटं ठेवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येतं. धोका लगेचचा वाटत असेल तर ११२ ला फोन करा किंवा थेट जवळच्या रुग्णालयात न्या. शाळेत हे घडलं तर मुलाला चिठ्ठी देऊन घरी धाडायचं नाही. पालक येईपर्यंत कुणीतरी सोबत बसायचं.

वडील गेले, घरात कमावतं कुणी नाही. शाळेतून काही होतं का?

होतं, आणि यासाठी शिक्षकांनी स्वतःहून विचारायला हवं, कारण अशी घरं मागायला येत नाहीत. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अनाथ किंवा एक पालक असलेल्या मुलांना महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायला लावा: उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असेल आणि मुलाची निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. माझ्या ओळखीचे एक वर्गशिक्षक जूनच्या पहिल्या आठवड्यात वर्गातल्या प्रत्येक घराची ही माहिती वहीत लिहून घेतात. जात, उत्पन्न, बँक खातं, आधार यांतलं काय अडलंय ते तेव्हाच कळतं.

आम्ही शिक्षक आहोत. आणखी एक काम का अंगावर घ्यायचं?

समुपदेशन तुम्ही करावं असं मी म्हणत नाही. तुमच्याकडून हवंय ते निरीक्षण. मूल अचानक बदललं, डबा आणत नाही, लांब बाह्यांचा शर्ट उन्हाळ्यातही काढत नाही, हे तुम्हाला दिसतं. ते योग्य माणसापर्यंत पोचवा आणि नंतर पाठपुरावा विचारा. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ते दोघं कोण असावेत हे सेवाज्येष्ठतेवरून ठरवू नका. मुलं ज्यांच्याजवळ आपणहून थांबतात त्यांना पाठवा.

आणि तुमच्याही मनाला कधी आधार लागतो. टेली-मानसची १४४१६ ही हेल्पलाइन मोठ्यांसाठीही आहे.

पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत काय विचारू?

सरकारी आणि अनुदानित शाळांच्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणजे बहुमत तुमचं आहे. पुढच्या बैठकीत एवढं विचारून पाहा: मुलांचं ऐकणारी व्यक्ती कोण आणि ती कधी भेटते? तक्रारपेटी शेवटची कधी उघडली आणि त्यात काय निघालं? सखी सावित्री समितीची बैठक झाली का? लागोपाठ तीन दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाच्या घरी कोण जातं? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.

हे सगळं उपयोगी पडतंय हे कसं कळणार?

मार्कांवरून लगेच कळणार नाही. सोमवारची हजेरी पाहा, सुट्टीनंतरची हजेरी पाहा. तक्रारपेटीत चिठ्ठ्या वाढल्या तर घाबरू नका, मुलांचा विश्वास बसायला लागल्याचं ते लक्षण असतं. मुलं आपल्या मित्राला हाताला धरून ताईंच्या खोलीपर्यंत आणायला लागली, तर त्या शाळेत ताईंचा ठरलेला वार कधीच रद्द होऊ देऊ नका, मग स्नेहसंमेलन असो की तपासणी.